यादीतला वाचक, खात्यातला वाचक

संपादकांनी काम सांगितलं ते एका वाक्यात. ‘‘आपल्या मेलच्या यादीत जो कोणी नाव नोंदवेल, त्याचं वेबसाइटवर आपोआप खातं उघडलं पाहिजे.’’

पुण्यातलं एक जुनं मासिक. त्याचे जुने दिवाळी अंक स्कॅन करून वेबसाइटवर चढवलेले, पण लॉगिन केल्याशिवाय ते उघडत नसत. दुसरीकडे दर पंधरवड्याला मेलवर एक बातमीपत्र जायचं आणि त्याची यादी वेबसाइटवरच्या खात्यांपेक्षा कितीतरी लांब. वाचक बातमीपत्र वाचायचा, त्यातल्या जुन्या अंकाच्या लिंकवर क्लिक करायचा, आणि समोर लॉगिनची चौकट बघून परत फिरायचा. हे संपादकांना खुपत होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

वेबसाइट सांभाळणारी बाई मासिकाच्या नोकरीत नाही. घरून काम करते, अशाच चार-पाच संस्थांच्या साइट पाहते. कार्यालयात सगळे तिला ‘वेबसाइटवाल्या मॅडम’ म्हणतात; संपादक मात्र वयाच्या अधिकाराने ‘अगं’ म्हणतात. तिने काम ऐकलं, वहीत टिपलं आणि ‘‘होईल सर’’ म्हणाली. कारण असली कामं होतातच.

बातमीपत्र मेलचिंपवरून जायचं आणि साइट वर्डप्रेसवर होती. छोट्या संस्थांमध्ये ही जोडी अगदी नेहमीची. मेलचिंप २००१ साली अमेरिकेत अटलांटामध्ये बेन चेस्टनट आणि डॅन कर्झियस यांनी सुरू केलं. वीस वर्षांनी इन्ट्यूइट कंपनीने ते सुमारे १२ अब्ज डॉलर मोजून घेतलं. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मे २००३ ची. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गरजांतून आल्या, त्यामुळे दोघांच्या लेखी ‘वाचक’ वेगळा. मेलचिंपला पत्ता आणि त्यावर मेल पाठवायची परवानगी मिळाली की पुरे. वर्डप्रेसला मात्र लॉगिनचं नाव लागतं, पासवर्ड लागतो, आणि या माणसाला साइटवर काय-काय करू द्यायचं हेही आधी ठरलेलं लागतं.

दोघांना जोडायचा रस्ता म्हणजे वेबहूक. यादीत कुणी आलं की मेलचिंप आपण दिलेल्या पत्त्यावर त्याच क्षणी निरोप धाडतं: अमुक ईमेल, अमुक नाव, प्रकार ‘सबस्क्राइब’. झॅपियरसारखी मधली सेवा घेतली तर कोडही लिहावं लागत नाही, पण तिथे प्रत्येक निरोपाचा हिशेब होतो आणि मासिकाच्या खजिन्याला तो परवडणारा नव्हता. म्हणून मॅडमनी छोटं प्लगइन स्वतःच लिहिलं. निरोप घ्यायचा, हा ईमेल आधीपासून साइटवर आहे का बघायचं, नसेल तर ‘सबस्क्रायबर’ या वर्डप्रेसमधल्या सगळ्यात साध्या भूमिकेचं खातं उघडायचं. दोन-चार डझन ओळींचं काम. त्यांनी स्वतःच्या दुसऱ्या ईमेलने नाव नोंदवलं, पान ताजं केलं, आणि युजर्सच्या तक्त्यात खातं हजर. चहा निवायच्या आत झालं म्हणायला हरकत नाही.

खरं काम इथून पुढे होतं.

पहिला धक्का एरर लॉगने दिला. नोंदणी करणाऱ्यांपैकी काहींची खाती उघडत होती, काहींची नाही, आणि यात काही सूत्र दिसेना. लॉगमध्ये एकच तक्रार ओळीमागून ओळ: लॉगिनचं नाव रिकामं असताना खातं तयार करता येत नाही. पण नाव तर प्रत्येकाने भरलेलं होतं. मॅडमनी मेलचिंपमधली नोंद आणि लॉगमधली ओळ शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तेव्हा उलगडा झाला. ज्यांनी नाव रोमन अक्षरांत लिहिलं त्यांची खाती झाली होती. ज्यांनी देवनागरीत लिहिलं ते सगळे बाहेर.

वर्डप्रेस खातं तयार करताना लॉगिनचं नाव कडक गाळणीतून काढतं. रोमन अक्षरं, आकडे, मोकळी जागा आणि टिंब, आडवी रेघ, ॲट यांसारखी मोजकी चिन्हं टिकतात, बाकी सगळं पुसलं जातं. ‘सुनंदा’ त्या गाळणीतून गेली की मागे काहीच उरत नाही. लॉगिनचं नाव वाचकाच्या नावावरून बनवायचं असं मॅडमच्या कोडने ठरवलेलं, आणि फॉर्मवर तर मराठीत लिहिलेलं होतं, ‘तुमचं नाव’. मराठी मासिकाच्या मराठी फॉर्मवर मराठीत नाव लिहिणारा वाचकच नेमका दाराबाहेर राहिला होता. मॅडमनी हे संपादकांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग त्यांनी यावर अग्रलेख लिहायची धमकी दिली. तो अग्रलेख अजून यायचा आहे.

उपाय सोपा होता, पण तो निवडताना विचार करावा लागला. लॉगिनचं नाव म्हणून सरळ ईमेलच वापरायचा, असा सल्ला इंटरनेटवर जिथे-तिथे सापडतो. तो पत्करला तर वर्डप्रेस त्याच नावावरून माणसाच्या सार्वजनिक पानाचा पत्ता बनवतं. ‘ॲट’ गळतं, टिंबाची आडवी रेघ होते, आणि कुणालाही उलट वाचून मूळ ईमेल ओळखता येतो. उद्या यांतल्या एखाद्या वाचकाने साइटवर लेख लिहिला तर त्याच्या नावाच्या लिंकमध्ये त्याचा ईमेल लटकत राहणार. म्हणून लॉगिनचं नाव अर्थशून्य ठेवलं, काही अक्षरं आणि काही आकडे. दिसण्याच्या नावासाठी वेगळा रकाना असतो, तिथे देवनागरी सुखाने राहते. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ४.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ईमेल टाकूनही लॉगिन करता येतं, त्यामुळे ते निरर्थक नाव वाचकाला आयुष्यात कधी बघावंही लागत नाही. जाता-जाता ‘एस पाटील’ नावाच्या वाचकांची आपापसातली टक्करही मिटली. महाराष्ट्रात ते किती असतील हे काय सांगायला हवं?

मग फोन सुरू झाले.

वर्डप्रेसचं खातं बनवणारं मूळ फंक्शन स्वतःहून कुणालाही काही कळवत नाही. कळवायचं दुसरं फंक्शन वेगळं बोलवावं लागतं, आणि नुसतं बोलावलं तर एक मेल वाचकाला आणि एक साइटच्या व्यवस्थापकाला जातो. व्यवस्थापकाच्या जागी संपादकांचा पत्ता होता. दोन दिवसांत त्यांची मेलपेटी ‘नवीन वापरकर्ता’ या विषयाने इतकी भरली की एका ज्येष्ठ कवीची कविता त्यात दिसेनाशी झाली. तो प्रश्न एक शब्द बदलून सुटला. वाचकाला जाणाऱ्या मेलचं तसं नव्हतं.

काहीच फेरफार केला नाही तर वर्डप्रेसकडून जाणाऱ्या मेलवर पाठवणाऱ्याचं नाव ‘वर्डप्रेस’ असं येतं. मराठी मासिकाचं बातमीपत्र मागवणाऱ्या निवृत्त माणसाने वर्डप्रेस हे नाव ऐकलेलं असायचं काही कारण नाही. मेलमध्ये काय, तर तुमचं खातं तयार झालं आहे, पासवर्ड ठेवण्यासाठी या लिंकवर जा. गेली काही वर्षं बँका, पोलीस, टीव्ही, सगळे याच माणसाला बजावत आलेत की असल्या लिंकला हात लावू नका.

सांगलीहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. वर्गणी पाहणाऱ्या काकांनी तो घेतला आणि लगेच मॅडमकडे दिला.

‘‘अहो मॅडम, मी कुठलंही खातं काढलेलं नाही. माझ्या नावावर हे कुणी काढलं?’’

‘‘सर, तुम्ही आमच्या बातमीपत्रासाठी नाव नोंदवलं होतं ना, त्यावरून…’’

‘‘ते नोंदवलं. पण ते वाचायला. खातं कशाला? मी १९३० ला फोन लावणार होतो, मुलगा म्हणाला आधी मासिकात विचारा.’’

१९३० हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा सरकारी क्रमांक. मुख्याध्यापकांचा सावधपणा वाखाणण्यासारखाच होता, आणि त्यांचा प्रश्नही बिनतोड. वाचायला नाव नोंदवलं, खातं कशाला?

जे सावध नव्हते त्यांचं वेगळंच. पूर्वी वर्डप्रेस पासवर्डच मेलने पाठवायचं. २०१५ च्या ४.३ आवृत्तीपासून ती धोक्याची पद्धत बंद झाली आणि त्याऐवजी पासवर्ड ठेवायची लिंक जाऊ लागली. ती लिंक साधारणपणे चोवीस तासच चालते. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच, पण मासिकाचा वाचक मेल रविवारी उघडतो. गुरुवारी गेलेली लिंक रविवारी मेलेली असते. समोर येतं ‘ही किल्ली अवैध आहे’ अशा धर्तीचं वाक्य, आणि काका पुन्हा फोनवर. मुदत वाढवता येते, मॅडमनी ती वाढवलीही. पण कितीही वाढवली तरी आपण न मागितलेल्या वस्तूची किल्ली माणूस जपून ठेवेल, ही अपेक्षा जरा जास्तच.

याच सुमारास त्यांनी आपल्या प्लगइनकडे चोराच्या नजरेने बघायचं ठरवलं. निरोप घेणारा जो पत्ता साइटवर उघडा ठेवलेला असतो, तो कळला तर मेलचिंपच कशाला, कुणीही तिथे निरोप धाडू शकतं. म्हणून त्या पत्त्यात लांबलचक गुपित शब्द घातला. भूमिका निरोपातून कधीच घ्यायची नाही, ती कोडमध्ये ‘सबस्क्रायबर’ अशी पक्की लिहायची. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण जून २०२३ च्या अखेरीस अल्टिमेट मेंबर या, दोन लाखांहून अधिक साइटवर बसवलेल्या प्लगइनमध्ये अगदी याच जातीचं भोक निघालं होतं. नोंदणीच्या फॉर्मबरोबर जादा माहिती घुसवून हल्लेखोर थेट प्रशासकाचं खातं मिळवत होते. तिथे नको ती माहिती अडवण्याची यादी होती, पण शब्दांची रूपं थोडी फिरवली की ती चुकवता यायची. तेव्हा काय अडवायचं याच्या यादीवर विसंबू नये; ईमेल आणि नाव एवढंच घ्यावं, बाकी निरोपात काहीही येवो, त्याकडे बघूच नये.

आणखी एक बारकी गोष्ट. उत्तर वेळेत मिळालं नाही तर मेलचिंप तोच निरोप पुन्हा पाठवतं. स्वस्त होस्टिंगवर सर्व्हर दमला की असं घडतंच. दोन निरोप जवळजवळ एकाच वेळी आले तर दोघेही विचारतात, ‘हा ईमेल आहे का?’, दोघांनाही ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि एका माणसाची दोन खाती होतात. वर्डप्रेसच्या युजर्सच्या तक्त्यात ईमेलच्या रकान्यावर ‘एकदाच’ अशी सक्ती डेटाबेसच्या पातळीवर नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उलटा प्रकार म्हणजे जीमेल. तिथे पत्त्यातल्या टिंबांना किंमत नाही. टिंब देऊन आणि न देऊन लिहिलेले दोन पत्ते एकाच पेटीत पडतात. वर्डप्रेसच्या लेखी मात्र ती दोन माणसं. आणि तिसरा प्रकार घरगुती: नवरा-बायकोचा मिळून एकच ईमेल, तोही पुण्याबाहेर गेलेल्या मुलाने काढून दिलेला. तिथे एका खात्यात दोन वाचक बसतात. यावर कोड काही करू शकत नाही आणि करूही नये.

एवढं सगळं ठाकठीक झाल्यावर यंत्रणा उत्तम चालू लागली. मॅडमचं मन मात्र सांगलीच्या फोनपाशीच अडकलं होतं. त्या कार्यालयात गेल्या आणि संपादकांना म्हणाल्या, ‘‘सर, हे असं आपोआप खातं उघडणं बंद करूया.’’

‘‘अगं, आत्ता तर चालायला लागलं. आपण काय त्यांच्याकडून घर लिहून घेतोय का? जुने अंक फुकट वाचायला देतोय.’’

‘‘देतोय ते खरं सर. पण त्यांनी मागितलंय का?’’

त्यांनी कायदाही पुढे केला, कारण संपादकांना कायद्याची भाषा आवडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली, नेमकी, समजून-उमजून दिलेली आणि स्पष्ट कृतीतून दिसणारी हवी. आणि ती ज्या कारणासाठी दिली तेवढ्यापुरतीच चालते. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. संमतीची विनंती वाचकाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी, असंही कायदा म्हणतो, म्हणजे मराठीला तिथे जागा आहे. यादीत जर्मनी-ब्रिटनमधले वाचकही होते, आणि युरोपात तर मे २०१८ पासून असेच नियम आहेत. बातमीपत्रासाठी दिलेला पत्ता म्हणजे खात्याला होकार, असं यांतल्या कुठल्याच कागदावरून म्हणता येत नाही. संपादक गप्प राहिले ते कायद्यामुळे, की मुख्याध्यापकांमुळे, हे कळायला मार्ग नाही. पण त्यांनी ‘‘मग कसं करणार ते सांग’’ म्हटलं.

नवी रचना अशी. मेलचिंपचा निरोप आला की साइटवर खातं उघडत नाही. पत्ता आणि नाव एका वेगळ्या तक्त्यात जाऊन थांबतं. स्वागताच्या मेलमध्ये मासिकाच्या नावाने, मराठीत, साधी ओळ असते: जुने दिवाळी अंक वाचायचे असतील तर इथे या. त्या लिंकवर गेलं की वाचकाचा पत्ता अर्धामुर्धा दिसतो, पहिली दोन अक्षरं आणि पुढे चांदण्या, आणि खाली बटण: ‘या पत्त्यावर ओटीपी पाठवा’. सहा आकडे आले, टाकले, की त्या क्षणी खातं तयार होतं आणि समोर अंकांची पानं. पासवर्ड नावाची गोष्टच नाही. ओटीपी काय असतो हे आता गॅसच्या सिलिंडरपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. चोवीस तासांची किल्ली समजावून सांगण्यापेक्षा ते किती तरी सोपं.

लिंकवर नुसतं क्लिक केलं की लगेच खातं, असं का नाही? पहिलं कारण, अनेक कंपन्यांच्या मेल यंत्रणा लिंकमध्ये काही काळंबेरं नाही ना हे तपासायला ती स्वतःच आधी उघडून पाहतात. वाचक झोपलेला असताना त्याचं खातं उघडायचं, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसरं कारण आपल्याकडचं. आवडलेला मेल लोक पुढे पाठवतात, बहिणीला, शाळेच्या गटाला, सोसायटीच्या अध्यक्षांना. त्यातली लिंक थेट आत नेणारी असेल तर अख्खी सोसायटी एका वाचकाच्या खात्यात शिरेल. आता पुढे पाठवलेल्या लिंकवर कुणी बटण दाबलंच, तरी ओटीपी मूळ वाचकाच्याच पेटीत जातो, आणि पाहुण्याला खाली दिसतं, ‘तुम्ही वेगळे वाचक आहात? इथे नाव नोंदवा.’ तिथून बरेच नवे वाचक यादीत येतात, हे काकांच्या लक्षात आधी आलं.

जुन्या यादीचं काय, हा प्रश्न मॅडमनी मुद्दाम मागे ठेवला होता. हजारोंच्या यादीला एका रात्रीत मेल पाठवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत: पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी हव्यात, एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत हव्यात. दिवसाला पाच हजारांवर मेल असतील तर यांतल्या बऱ्याच अटी सक्तीच्या. मासिकाचं बातमीपत्र मेलचिंपकडून रीतसर सहीशिक्क्यानिशी जायचं, पण साइटचे स्वतःचे मेल सर्व्हर कसेही धाडायचा आणि ते स्पॅममध्ये पडायचे. आधी ती वाट सुधारली. जुन्या वाचकांना मात्र वेगळा मेल पाठवलाच नाही. बातमीपत्राच्या तळाशी तीच ओळ जाऊ लागली, आणि ज्यांना अंक हवे ते आपल्या पायांनी आले.

खात्यांचा आकडा साहजिकच खाली आला. संपादकांना तो महिनाभर झोंबला. पण आता प्रत्येक खात्यामागे एक लॉगिन तरी होतं. आधीच्या बहुतेक खात्यांत खातं उघडल्यानंतर कुणीच कधी आलेलं नव्हतं. ती रिकामी खाती त्यांच्या वाचकांना एक मेल देऊन काढून टाकली. सांगलीचं खातं त्यांत पहिलं.

राहिला यादीतून बाहेर पडणाऱ्यांचा प्रश्न. कुणी ‘अनसबस्क्राइब’ केलं की मेलचिंप तसाही निरोप पाठवतं, आणि पत्ता बदलला तर तोही वेगळा निरोप असतो. तो पाळला नाही तर ओटीपी वाचकाच्या जुन्या, बंद पडलेल्या पेटीत जात राहतो. पत्ता बदलला की खात्यातही बदलायचा, यावर वाद नव्हता. बाहेर पडणाऱ्याचं खातं बंद करायचं का, यावर झाला. संपादकांचं म्हणणं, ज्याला आपलं पत्र नको त्याला आपले अंक कशाला? मॅडम म्हणाल्या, तक्ता बघा. बातमीपत्र सोडलेले काही जण अजूनही नियमाने लॉगिन करून जुने अंक वाचतात. त्यांना नवं नको, जुनंच हवं. शेवटी ठरलं ते असं: बाहेर पडणाऱ्याच्या खात्याला हात लावायचा नाही, पण तो पुढच्या वेळी आत आला की एकदाच विचारायचं, ‘खातं ठेवायचं की काढायचं?’ काढा म्हटलं तर खातं काढून टाकायचं, आणि वर्डप्रेसमध्ये २०१८ पासून असलेल्या माहिती पुसण्याच्या सोयीने बाकीची माहितीही पुसायची. प्रश्नाची वाक्यरचना संपादकांनी स्वतः केली, दोनदा खोडली, आणि बटणावर ‘ठेवा’ हा शब्द ‘काढा’पेक्षा मोठ्या अक्षरांत हवा असा हट्ट धरला. मॅडमनी दोन्ही सारख्याच अक्षरांत ठेवलेत.